विश्लेषण : शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट थेट लिनक्समध्ये? ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमसाठी विद्यार्थी काय करू शकतात?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे वेळापत्रक साधारण ठरलेले असते. चौघांचा गट, गाइड, विषयाला मंजुरी, एक-दोन प्रेझेंटेशन, बांधून घेतलेले ब्लॅक बुक आणि व्हायवा. व्हायवा संपली की तो कोड सहसा कोणी पुन्हा उघडत नाही. हजेरी नोंदवणारे ॲप किंवा ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर दर वर्षी नव्याने लिहिले जाते आणि दर वर्षी विसरले जाते. तेवढ्याच महिन्यांची मेहनत लिनक्स, डेबियन, फ्रीबीएसडी किंवा हायकू यांसारख्या ओपन सोर्स प्रणालींमध्ये घातली, तर विद्यार्थ्याचा कोड जगभरातील अनोळखी लोकांच्या संगणकांवर चालू शकतो. मात्र त्यासाठी विषय निवडण्याची पद्धत बदलावी लागते. हा विषय कसा निवडावा, कोणत्या कल्पना एका वर्षात पूर्ण होण्यासारख्या आहेत आणि गाडे नेमके कुठे अडते, याविषयी…

ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

मोबाइल किंवा संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणारी ॲप यांच्यामध्ये काम करणारे मूळ सॉफ्टवेअर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. मेमरी कोणाला किती द्यायची, फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, वाय-फायच्या चिपशी कसे बोलायचे, हे सारे तीच ठरवते. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. विशिष्ट यंत्रभाग चालवणाऱ्या कोडला ड्रायव्हर म्हणतात.

विंडोजचा मूळ कोड कंपनीबाहेरील व्यक्तीला सहसा पाहता येत नाही. ओपन सोर्स प्रणालींचा कोड मात्र कोणीही वाचू, बदलू आणि परवान्याच्या अटी पाळून वाटू शकतो. अशा प्रणाली केवळ हौशी मंडळींपुरत्या आहेत, हा समज चुकीचा आहे. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचेच कर्नल असते. जगातील सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आहेत. नेटफ्लिक्सचे चित्रपट घरोघरी पोहोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात आणि प्लेस्टेशन ४ या गेमिंग यंत्राची प्रणालीही फ्रीबीएसडीवर आधारलेली आहे. सी-डॅकने भारतासाठी तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर उभी आहे.

विद्यार्थ्यांचा आणि या प्रणालींचा संबंध किती जुना?

या क्षेत्राची सुरुवातच विद्यार्थ्यांच्या हातून झाली. लिनस टॉरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना, वयाच्या २१व्या वर्षी, ऑगस्ट १९९१ मध्ये त्यांनी आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याआधी ते प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी लिहिलेली मिनिक्स ही छोटी प्रणाली वापरत होते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली, तेव्हा ते २० वर्षांचे होते.

पुढे २००५ मध्ये गुगलने ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम सुरू केला. ओपन सोर्स संस्था आपल्याला हव्या असलेल्या कामांची यादी जाहीर करतात, इच्छुक प्रस्ताव पाठवतात आणि निवड झालेल्यांना मार्गदर्शक व मानधन मिळते. आतापर्यंत २० हजारांहून अधिक जणांनी त्यात काम केले आहे. २०२२ पासून हा उपक्रम विद्यार्थ्यांपुरता न राहता ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्या १८ वर्षांवरील सर्वांसाठी खुला झाला. यातील ‘कल्पनांची यादी’ हा भाग उपक्रमाबाहेरही उपयोगी आहे. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, हायकू यांच्या अशा याद्या उघड असतात आणि त्यातील काम करायला निवड व्हावीच लागते असे नाही.

नव्या हातांची इतकी गरज का?

मार्च २०२४ मधील एक प्रसंग याचे उत्तर देतो. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या अस्थिर (अनस्टेबल) आवृत्तीवर दूरच्या संगणकात लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. कारण शोधता शोधता ते ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा घटकापर्यंत पोहोचले. त्यात कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. तो वेळीच सापडला नसता, तर प्रमुख लिनक्स प्रणालींच्या स्थिर आवृत्त्यांत शिरून असंख्य सर्व्हर धोक्यात आले असते.

हा घटक अनेक वर्षे प्रामुख्याने एकच स्वयंसेवक सांभाळत होता. त्याच्यावरील ताण हेरून एका अज्ञात व्यक्तीने दोनेक वर्षे मदतनीस म्हणून काम केले, विश्वास मिळवला आणि मग घात केला. जगभर वापरले जाणारे अनेक घटक अशाच एक-दोन माणसांच्या फावल्या वेळावर तगून आहेत. ज्यांच्या हाती एखाद्या घटकाची देखभाल असते त्यांना ‘मेंटेनर’ म्हणतात. त्यांना नवा कोड लिहून देणाऱ्यांपेक्षाही चाचण्या लिहिणारे, जुने दोष तपासणारे, इतरांचा कोड वाचणारे लोक कमी पडतात. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टसाठी जागा आहे ती नेमकी इथे.

स्वतःची नवी ऑपरेटिंग सिस्टीम का लिहू नये?

शिकण्यासाठी जरूर लिहावी. पण प्रोजेक्टचा विषय म्हणून ‘आमची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम’ निवडणाऱ्या गटाचे सहसा दोनपैकी एक होते. एक तर स्क्रीनवर चार अक्षरे उमटण्यापलीकडे गाडी जात नाही. नाहीतर उबुंटूचे चिन्ह, रंग आणि वॉलपेपर बदलून नव्या नावाने ती सादर केली जाते. दोन्हींतून कोणाची अडचण सुटत नाही.

उपयोगी विषय ओळखण्यासाठी चार प्रश्न पुरतात. पहिला, हे काम कोणाला हवे आहे का? म्हणजे प्रकल्पाच्या दोष-नोंदींत किंवा कल्पनांच्या यादीत त्याचा उल्लेख आहे का? दुसरा, ते चांगले झाले की नाही हे आपल्या लॅपटॉपवर तपासता येईल का? तिसरा, त्याचे असे तुकडे पाडता येतील का, की त्यातला पहिला तुकडाच स्वीकारला गेला तरी त्याचा उपयोग होईल? आणि चौथा, त्या भागाचा मेंटेनर सध्या सक्रिय आहे का? यातला तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ‘सगळे जमले तरच उपयोगाचे’ असे काम सत्राच्या शेवटी हमखास अर्धवट राहते.

याचे चांगले उदाहरण हायकूमध्ये सापडते. १९९० च्या दशकातील बीओएस ही प्रणाली बंद पडल्यावर तिच्या चाहत्यांनी २००१ मध्ये तशीच प्रणाली नव्याने लिहायला घेतली. तीच आजची हायकू. तिची पाचवी बीटा आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली. लिनक्सवर वापरली जाणारी एक्सएफएस ही फाइल सिस्टीम हायकूला वाचता यावी, यासाठीचे काम समर ऑफ कोडमधील वेगवेगळ्या वर्षांच्या विद्यार्थ्यांनी टप्प्याटप्प्याने पुढे नेले. एकाने फोल्डरमधील नावे वाचण्यापर्यंत मजल मारली की पुढचा फाइलमधील मजकुराकडे वळू शकतो. कोणाचेच काम वाया जात नाही, कारण प्रत्येक टप्पा मुख्य कोडमध्ये दाखल झालेला असतो.

कोणते विषय घेता येतील?

चाचण्या लिहिणे : लिनक्स कर्नलमध्ये २०२० च्या सुरुवातीला आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून ‘केयुनिट’ ही चाचणी-व्यवस्था आहे. कर्नलमधील एखादे छोटे फंक्शन दिलेल्या आकड्यांना बरोबर उत्तर देते का, हे तिच्या साहाय्याने वेगळे तपासता येते. ज्या भागाला चाचण्या नाहीत असा एक लहान भाग निवडायचा, त्याचा कोड समजून घ्यायचा आणि चाचण्या लिहायच्या. यासाठी खास यंत्र लागत नाही. चाचणी लिहिताना खरा दोष सापडण्याची शक्यताही बरीच असते.

सापडलेले दोष सोडवणे : गुगलचा ‘सिझबॉट’ हा कार्यक्रम कर्नलवर उलटसुलट आज्ञांचा अखंड मारा करतो आणि जिथे ते कोसळते त्याची जाहीर नोंद ठेवतो. अनेक नोंदींसोबत तो दोष पुन्हा घडवून आणणारा छोटा प्रोग्रॅमही असतो. दोष आपल्याकडे घडवणे, तो कोणत्या बदलामुळे आला हे शोधणे, दुरुस्ती सुचवणे असे तीन स्वतंत्र टप्पे इथे आयतेच मिळतात. दुरुस्ती जमली नाही तरी ‘हा दोष अमुक बदलानंतर सुरू झाला’ एवढी पक्की माहितीही मेंटेनरचे बरेच काम वाचवते.

ड्रायव्हरची साफसफाई : लिनक्समध्ये ‘स्टेजिंग’ नावाचा एक कप्पा आहे. दर्जाला अजून न उतरलेले ड्रायव्हर तिथे ठेवलेले असतात आणि त्यांच्यात काय सुधारायचे याची यादीही सोबत असते. नवख्यांनी सुरुवात करण्याची ही परंपरागत जागा आहे. मात्र केवळ मोकळ्या जागा आणि कंस नीट करण्यावर प्रोजेक्ट थांबू नये. तो पहिल्या आठवड्याचा सराव आहे. तोच यंत्रभाग हाताशी असेल तर बदल प्रत्यक्ष तपासता येतो आणि त्या पॅचचे वजन वाढते.

अनाथ पॅकेज दत्तक घेणे : डेबियनमध्ये हजारो सॉफ्टवेअर तयार पॅकेजच्या रूपात मिळतात. ज्यांना सांभाळणारे कोणी उरलेले नाही, अशा पॅकेजची यादी डेबियन स्वतःच जाहीर करते. तिथे त्यांना ‘अनाथ’ असेच म्हटले जाते. त्यातील एखादे घेऊन नव्या आवृत्तीवर आणणे आणि त्याचे जुने दोष निकाली काढणे हा दोघांच्या गटाला पुरेसा विषय आहे. नवख्यांना झेपतील अशा दोषांवर डेबियनमध्ये तशी वेगळी खूणही केलेली असते.

एकसारखी बांधणी : एकाच मूळ कोडपासून दोन वेगवेगळ्या संगणकांवर प्रोग्रॅम तयार केला, तर दोन्ही फाइल अगदी शेवटच्या बाइटपर्यंत सारख्या असायला हव्यात. तसे असेल तरच कोणी मध्ये काही घुसडले नसल्याची खात्री करता येते. डेबियनमध्ये हे काम २०१३ पासून सुरू आहे. फरक पडण्याची कारणे बहुधा साधी असतात. फाइलमध्ये बांधणीची वेळ लिहिली जाते, फोल्डरमधील फाइल वेगळ्या क्रमाने वाचल्या जातात किंवा संगणकावरील पत्ता आत उतरतो. एकेका पॅकेजचे कारण शोधणे आणि दुरुस्ती पाठवणे हे काम मोजता येते, तपासता येते आणि चौघांत सहज वाटताही येते.

लिहिलेली माहिती ताजी करणे : फ्रीबीएसडीची माहितीपुस्तिका आणि मॅन पाने यांचा लौकिक मोठा आहे, तरी कोड बदलला की त्यातील काही सूचना जुन्या होतातच. प्रत्येक पायरी स्वतः करून पाहणे आणि जिथे अडते तिथे दुरुस्ती सुचवणे, हे काम कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. नवख्याला जिथे अडते ती जागा मुरलेल्या माणसाला दिसत नाही.

मराठी विद्यार्थ्यांसाठी वेगळी संधी कोणती?

काही दोष मराठी वाचणाऱ्यालाच दिसतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे हिंदीच्या सवयीने तयार झालेल्या चाचणीला ठाऊक नसते. एखाद्या फॉन्टमध्ये किंवा कीबोर्डमध्ये हा ‘ऱ्य’ नीट उमटत नसेल, तर तो दोष नोंदवणार कोण?

अक्षरांच्या आकाराचेही तसेच. मराठीतील पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदीहून वेगळे आहेत. राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या शासन निर्णयात हीच रूपे दिली आहेत. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही रूपे ठेवण्याची आणि भाषेनुसार योग्य रूप दाखवण्याची सोय आजच्या फॉन्ट-तंत्रात आहे. पण ती चालायला फॉन्टमध्ये ती रूपे हवीत आणि ‘हा मजकूर मराठी आहे’ हे सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगायला हवे. ही साखळी कोणत्या प्रणालीत कुठे तुटते हे तपासणे हा चांगला विषय होऊ शकतो. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याने दिलेला ‘लोहित’ यासारखे खुले फॉन्ट त्यासाठी हाताशी आहेत.

तिसरी बाब अनुक्रमाची. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. संगणकाच्या युनिकोड तक्त्यात मात्र तो ‘ल’ला लागूनच बसवला आहे. त्यामुळे केवळ तक्त्यातील क्रमांकांवरून यादी लावली, तर ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’च्या आधी येतो. शब्दकोशात तो नंतर हवा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’चे स्थानही असेच चुकते. मराठीचा बरोबर क्रम सांगणारी माहिती ऑपरेटिंग सिस्टीमच्या ‘लोकेल’ या भागात ठेवण्याची सोय असते. मतदार यादी असो की शाळेचे हजेरीपत्रक, नावे लावताना हा फरक दिसतो. निरनिराळ्या प्रणालींवर एकच शब्दयादी लावून पाहणे, चूक असेल तिथे दोष नोंदवणे आणि पुन्हा चूक होऊ नये म्हणून चाचणी जोडणे, हा एका सत्रात बसणारा नेटका विषय आहे.

भाषांतराची वाटही खुली आहे. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो आणि नोम, केडीई या डेस्कटॉपची मराठी भाषांतरे स्वयंसेवकांनीच केली आहेत. पण यंत्राने केलेले भाषांतर जसेच्या तसे चिकटवणे उपयोगाचे नाही. एका खिडकीत ‘जतन करा’, दुसरीत ‘साठवा’ आणि तिसरीत ‘सेव्ह करा’ असे झाले तर वापरणारा इंग्रजीकडेच परततो. शब्द एकसारखे आहेत का, ते बटणावर मावतात का आणि गावाकडच्या माणसाला कळतात का, हे पडताळणे हा खरा प्रोजेक्ट.

सुरुवात कशी करावी?

सी भाषा आणि अभ्यासक्रमातील ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय एवढी तयारी कर्नलच्या कामाला पुरते. अमेरिकेतील एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेली ‘एक्सव्ही६’ ही छोटी प्रणाली आधी वाचावी. ती काही हजार ओळींचीच असल्याने महिनाभरात समजते. नंतर निवडलेल्या प्रणालीचा कोड आपल्या संगणकावर बांधून पाहावा. साध्या लॅपटॉपवर पूर्ण लिनक्स कर्नल बांधायला तासन् तास लागू शकतात, म्हणून गरजेपुरतेच भाग निवडावेत. प्रयोग ‘क्यूईएमयू’सारख्या आभासी यंत्रात करावेत. तिथे कर्नल कोसळले तरी लॅपटॉपमधील फाइलना धक्का लागत नाही.

पहिला पॅच मुद्दाम अगदी छोटा असावा. कोड पाठवण्याची, उत्तर मिळण्याची आणि बदल करून पुन्हा पाठवण्याची एक फेरी पूर्ण होणे हाच त्याचा हेतू. हायकूसारखे प्रकल्प समर ऑफ कोडच्या अर्जाआधीच अशा छोट्या पॅचची अपेक्षा ठेवतात, त्याचे कारण हेच.

पॅच स्वीकारला कसा जातो?

लिनक्समध्ये पॅच आजही ई-मेलने पाठवले जातात. कोणत्या भागाचा मेंटेनर कोण, हे सांगणारा आणि कोडची मांडणी तपासणारा प्रोग्रॅम कर्नलसोबतच मिळतो. प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याने आपल्या खऱ्या ओळखीने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहायची असते. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती हमी असते. २००४ पासून ही पद्धत आहे.

पॅचचे वर्णन ‘बग दुरुस्त केला’ एवढ्यावर भागत नाही. अडचण काय होती, ती का येते, हाच उपाय का निवडला आणि तो कसा तपासला, हे सांगावे लागते. पहिल्या खेपेला पॅच स्वीकारला जाणे दुर्मीळ. दुसरी, तिसरी, पाचवी आवृत्ती पाठवावी लागते. ‘हे असे का केले?’ हा प्रश्न अपमान नसतो. तो व्हायवाच असते, फक्त परीक्षक आपल्या कोडवर खरोखर अवलंबून असतो.

अडचण येते ती वेळेची. सबमिशनची तारीख मेंटेनरला माहीत नसते आणि माहीत असली तरी तिचे त्याला बंधन नसते. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यातील सुरुवातीच्या सुमारे दोन आठवड्यांतच नवे बदल मुख्य कोडमध्ये घेतले जातात, उरलेला काळ दुरुस्त्यांचा. त्यामुळे एप्रिलमध्ये व्हायवा असेल तर पॅच मार्चमध्ये पाठवून चालत नाही. पहिला पॅच दिवाळीच्या आसपास गेलेला असावा.

कोणत्या चुका महागात पडतात?

पहिली चूक संख्येच्या मागे लागण्याची. २०२० च्या ‘हॅक्टोबरफेस्ट’मध्ये चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत होता. परिणामी असंख्य प्रकल्पांवर एखादा शब्द इकडचा तिकडे करणाऱ्या निरर्थक बदलांचा पाऊस पडला. मेंटेनर इतके त्रासले की ज्या प्रकल्पांची तयारी आहे तिथलेच बदल मोजायचे, असा नियम आयोजकांना त्याच महिन्यात करावा लागला.

दुसरी चूक विश्वासाशी खेळण्याची. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सदोष पॅच पकडले जातात का, हे पाहण्यासाठी मेंटेनरना न सांगता मुद्दाम तसे पॅच लिनक्सकडे पाठवले होते. एप्रिल २०२१ मध्ये हे प्रकरण पेटले. ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ मेंटेनरने त्या विद्यापीठाकडून येणारा कोड नाकारण्याची भूमिका घेतली. संशोधकांनी माफी मागितली आणि शोधनिबंध मागे घेतला. पण तोवर त्या विद्यापीठातून पूर्वी आलेले शेकडो बदल पुन्हा तपासण्याची वेळ स्वयंसेवकांवर आली होती.

तिसरी चूक आजची. एआयकडून कोड लिहून घ्यायचा आणि न समजताच पाठवायचा. २०२४ मध्ये जेंटू या लिनक्स प्रणालीने एआयच्या मदतीने तयार केलेले योगदान घेण्यास मनाई केली. नेटबीएसडीनेही अशा कोडचे मूळ संशयास्पद मानून पूर्वपरवानगीशिवाय तो दाखल करू नये, असा नियम केला. प्रत्येक प्रकल्पाचा नियम वेगळा असतो, तो आधी वाचणे आवश्यक. पण नियम काहीही असो, विचारलेल्या प्रश्नाला पाठवणाऱ्यालाच उत्तर देता आले नाही, तर तो पॅच तिथेच संपतो.

मानधन आणि नोकरीचे काय?

समर ऑफ कोडमध्ये साधारण ९०, १७५ आणि ३५० तासांची कामे असतात. मानधन देशागणिक बदलते. निवडलेल्या संस्थांची नावे साधारण फेब्रुवारीत जाहीर होतात आणि अर्ज मार्चच्या सुमारास सुरू होतात. ‘आउटरीची’ हा उपक्रम वर्षातून दोनदा होतो. तंत्रक्षेत्रात ज्यांचे प्रमाण कमी आहे किंवा ज्यांना भेदभावाला तोंड द्यावे लागते, अशांसाठी तो आहे आणि काम घरून करता येते. लिनक्स फाउंडेशनही कर्नल शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन उपक्रम चालवते.

या सर्व ठिकाणी निवड होईलच असे नाही, स्पर्धा मोठी असते. मात्र स्वीकारलेला पॅच कायम राहतो. त्यावरील चर्चा जाहीर असते. मुलाखत घेणाऱ्याला तो विद्यार्थी टीका कशी घेतो, चूक कशी मान्य करतो आणि काम तडीस नेतो का, हे प्रमाणपत्राशिवायही वाचता येते. नोकरीची हमी यातून मिळत नाही, पण विकत आणलेल्या प्रोजेक्टमध्ये हा पुरावा मुळीच नसतो.

महाविद्यालयांना काय बदलावे लागेल?

गुणांकन. आजच्या पद्धतीत ‘पूर्ण झालेले सॉफ्टवेअर’ दाखवावे लागते. कर्नलमधील चाळीस ओळींची दुरुस्ती परीक्षकाला थोडी वाटू शकते, जरी तिच्यामागे तीन महिन्यांचा शोध असला तरी. त्यामुळे पाठवलेले पॅच, त्यांच्या बदलत गेलेल्या आवृत्त्या आणि मेंटेनरशी झालेला संवाद यांनाच प्रोजेक्टची दैनंदिनी मानले पाहिजे. पॅच स्वीकारला जाणे विद्यार्थ्याच्या हाती नसते, म्हणून गुण त्यावर अडवू नयेत. तो नाकारला गेला असेल तर का, हे विद्यार्थ्याने समजावून सांगावे आणि त्यालाही गुण असावेत.

गाइडला त्या प्रणालीची खडान्‌खडा माहिती असणे शक्य नाही आणि गरजही नाही. काम तुकड्यांत विभागले आहे का, पहिला पॅच वेळेत गेला का, उत्तर न देता विद्यार्थी गप्प तर बसले नाहीत ना, एवढे त्यांनी पाहिले तरी पुरे. गटातील चौघांनी चार स्वतंत्र छोटे दोष घ्यावेत आणि एकमेकांचा कोड पाठवण्यापूर्वी वाचावा. म्हणजे एकाच्या जिवावर तिघे पास होण्याचा नेहमीचा प्रकारही टळतो.

हे जमले तर व्हायवानंतरही काही उरते. दत्तक घेतलेल्या पॅकेजला पुढच्या वर्षी पुन्हा कोणीतरी लागणार असते. आधीच्या तुकडीने सुरू केलेले काम त्याच महाविद्यालयातील पुढची तुकडी हाती घेऊ शकते. एका स्वयंसेवकाच्या खांद्यावर असलेला भार चार-पाच जणांत वाटला जातो आणि एक्सझेडसारखा घात करू पाहणाऱ्याला कोड वाचणारे आणखी काही डोळे चुकवावे लागतात.